ओडेट शिखरावर पोचते

माझी नणंद ओडेट पेल्की गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली आणि डोंगरांच्या मागे लागली. तेही पायवाट नसलेल्या. आमच्याकडे, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर भागात, असे डोंगर पुष्कळ. माथ्यापर्यंत स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचं दाट रान, वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

एप्रिलमध्ये तिने मलाही अशाच एका डोंगरावर ओढून नेलं. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांना जाळीचे रुंद स्नोशू बांधून निघालो तेव्हा बर्फ घट्ट होता, दुपारच्या उन्हाने भुसभुशीत झाला. फांद्यांनी ओरबाडून निघत माथा गाठला, तर तिथे सारखेच दिसणारे तीन-चार उंचवटे. खरं टोक कुठलं, यावर आमची जुंपली.

“हेच!” म्हणत ओडेट एका झाडाजवळ सरकली आणि छातीपर्यंत बर्फात गडप झाली. फांद्यांखाली पोकळी होती.

“वहिनी, हसतेस काय? ओढ मला!”

“आधी कबूल कर, माझा उंचवटा उंच.”

“अगं, एक स्नोशू अडकलाय, दुसरा निसटलाय!”

मी माझा स्नोशू काढून त्याने बर्फ उकरू लागले. तोच ती खुदकन हसली. “थांब, थांब! माझ्या पायाला खडक लागतोय.”

“मग?”

“मग काय! तू नुसत्या बर्फावर आहेस. शिखरावर मी उभी आहे.”

मी आजूबाजूला पाहिलं. तिच्यापासून चहूबाजूंना उतारच होता. बाईचं खरं होतं. शिखरावर खायचा म्हणून आणलेला डोनट मी तिच्या हातात ठेवला. तो सावकाश खाऊन झाल्यावरच ती बाहेर यायला तयार झाली.