सांभाळतो की

तहसील कार्यालयात माझ्यापुढे एक आजी उभ्या होत्या. साडीवर त्यांनी पुरुषाचा निळा शर्ट घातला होता, कॉलर पार विरलेली. निराधारांच्या पेन्शनचा अर्ज भरताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मुलगा सांभाळतो का?"

"सांभाळतो की."

बाईंचं पेन थांबलं. "आजी, मी तुमच्याच गावची आहे. चार वर्षांत तो फिरकलेला नाही. 'नाही' म्हणा, म्हणजे पेन्शन सुरू होईल."

"असं कसं म्हणू? सरकारात त्याचं नाव खराब होईल. हा शर्ट त्याचाच आहे की!" आजींनी बाही पुढे करून दाखवली. मग अर्धवट अर्जाची घडी कमरेला खोचून त्या निघून गेल्या.

आमच्या तालुक्यात आता घरोघरी म्हातारी माणसंच उरली आहेत. सरकार त्यांना चार पैसे देतं, हे चांगलंच आहे. पण त्यासाठी आईने आधी सरकारी कागदावर लेकाला नाकारायचं, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? जन्मभर लेकाला देत आलेली ती बाई आज स्वतःची भाकरीही त्याच्या अब्रूसाठी सोडून गेली.

"पुढे या, काका."

मला ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड हवं होतं.

"घरी सोबत कोण असतं?"

नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेलेला माझा मुलगा तेव्हापासून दोनदा आला आहे. घराची एकुलती एक किल्ली माझ्या खिशात होती.

"मुलगा," मी सांगितलं.