काट्याच्या कॉम्प्युटरमधली लग्नं

शेठला नवीन डिस्क घ्यायला लावली ती मीच. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसतो. कापसाची ट्रॉली काट्यावर चढली की वजन नोंदवायचं आणि पावती काढून द्यायची, एवढंच काम. पण माझा कॉम्प्युटर इतका म्हातारा, की बटण दाबून मी चहा पिऊन यायचो तरी तो जांभयाच देत असायचा. एकदा शेठ खुशीत दिसले तेव्हा म्हणालो, "आतली फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू. पळेल बघा."

बोललो खरा. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाने एवढं छातीठोक बोलू नये. आमच्या रत्नागिरीकडे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात झाडलोट करता करता जे दिसलं, तेवढंच माझं शिक्षण. पण शेठने डिस्क आणून दिली, मी ती बसवली, आणि कॉम्प्युटर खरंच पळाला. त्या आनंदात मी जिनिंगभर सांगत सुटलो, की हिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे धक्का लागला तरी मोडायची भीती नाही, एकदम पक्की.

दिवाळी झाली, कापसाची आवक वाढली आणि कॉम्प्युटर पुन्हा पेंगायला लागला. एकेका पावतीला एवढा वेळ, की ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेली. इकडचे लोक रांगेत गप्प बसत नाहीत.

"काय रे भाऊ, पावती छापून राह्यला का कापूस उगवून राह्यला?"

"राहू द्या ना बाप्पा, त्याची बायको माहेरी गेली असन."

मी हसायचो आणि बटण पुन्हा दाबायचो. शनिवारी शेठ काट्यावर आले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

"सोमवारी हा डब्बा चालला तं ठीक. नाई तं वणीचा एक काटेवाला स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन यायले तयार हाय. मंग तू जाय तुह्या समुद्राकडे."

समुद्राकडे जाऊन मी काय करणार होतो? तिकडे माझी वाट बघणारं काम कुठलंच नव्हतं.

रविवारी काटा बंद असतो. सकाळीच कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत रुईची पातळ गोधडी पसरली होती. ती काढली. वाटलं, सापडलं. कसलं काय! डिस्कची वायर बदलली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, टोकं खोडरबराने घासली. निळ्या पडद्यावरच्या इंग्रजी सेटिंगमध्ये जीव मुठीत धरून शिरलो आणि काही न बिघडवता बाहेर आलो, हेच नशीब. मग डिस्कचा वेग मोजला. वाचायला वाघ, लिहायला गोगलगाय. म्हणजे डिस्क मेली नव्हती, तिच्यावर काहीतरी बसलं होतं. जागा किती उरली ते बघितलं तर पट्टी लालभडक. हंगामभराच्या पावत्यांनी एक कोपराही भरला नसता, मग एवढं भरलं कशाने?

उघडून बघतो तर फोल्डर. ‘मोठीचं लग्न’. ‘साळ्याचं लग्न’. ‘साळ्याचं दुसरं लग्न’. ‘हळद’, ‘जावळ’, ‘परत हळद’.

तेवढ्यात चौकीदार काका माझा जेवणाचा डबा घेऊन आले. काका जवळच्या बंजारा तांड्यावरचे. मी इकडे नवीन असताना तापाने फणफणलो, तेव्हा त्यांच्या बायकोने मला घरी नेऊन पेज पाजली. तिची मुलं तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही तेच म्हणायला लागलो. तेव्हापासून रोज तिच्या हातची भाकर मला येते.

"काका, ही लग्नं इथे कुणी आणली?"

"म्या. काहून, बाहेर येऊन नाचून राह्यले का?"

"अहो, पण इथे कशाला?"

"तूच म्हनत होता ना बापू, पक्की हाय म्हनून! पेनड्राइव्ह हरवते, मोबाइल पोट्टे फोडते. म्या तांड्यात सांगतलं, आना सगळे. रातच्यानं पोट्ट्याईकडून टाकून घेतले. शेठच्या जिनिंगमधी, कुलपात, कोन हात लावते?"

मी कपाळाला हात लावला. "काका, गोदामात दारापर्यंत गाठी रचल्या आणि एक नवी गाठ आली, तर?"

"पहिले दहा हलवा लागन."

"मी एक पावती काढली की ही बिचारी दहा वराती हलवते."

काकांनी जेवणाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "मंग काढ. पन आमच्या मोठ्या पोरीचं नको काढू. याडी जेवाले नाई देनार. मले बी नाई अन् तुले बी नाई."

शेठला सगळं सांगितलं तर मी वाचणार होतो आणि काका अडकणार होते. त्यांचीच भाकर समोर होती. मी म्हणालो, "तांड्यात फोन लावा. ज्याचं लग्न त्याने घेऊन जावं."

दुपारी माणसं आली, मोबाइल आणि पेनड्राइव्ह घेऊन. पण कुणी नुसतं घेऊन जाईना. प्रत्येकाला ‘एकडाव पाहून घेऊ’ होतं. साळ्याच्या दुसऱ्या लग्नाला तर पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. मग मोठीचं लावलं, नंगारा वाजायला लागला, आणि फाटकातून शेठची गाडी आत आली.

"कापूस नाई, ट्रॉली नाई, अन् गर्दी कायची बे?"

काका पुढे झाले. "शेठ, माह्यी चूक हाय. त्या पोराले काई म्हनू नका."

शेठ काहीतरी जहाल बोलणार होते, पण त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे गुलाबी फेटा बांधून, दोन्ही हातांत रुमाल घेऊन, डोळे मिटून एक माणूस नाचत होता. ते शेठ होते.

"थांब," शेठ म्हणाले. "मागं घे."

मी मागे घेतलं. शेठ पुन्हा नाचले.

"हे कोनं काढलं?"

"मोठीच्या लग्नात आलते ना तुमी," काका म्हणाले.

"मंग मले काहून नाई देल्लं आजपर्यंत?" शेठने खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला. "ये जिनिंगमधी. म्हनत होती ना, मले नाचता येत नाई म्हनून? ये पाहाले."

मी भीतभीत म्हणालो, "शेठ, हे सगळं पुसलं तरच कॉम्प्युटर पळेल."

"बाकीचं पूस. हे पहिले माह्या मोबाइलवर टाक."

"आणि उद्या तो वणीचा..."

"कोन वणीचा? तू आवाज वाढव जरा."

सगळ्यांची लग्नं सगळ्यांच्या खिशात गेली आणि पट्टी लालची निळी झाली. सोमवारी पहिली ट्रॉली दारव्ह्याकडची. मी बटण दाबलं आणि पावती टर्रकन बाहेर. शेतकऱ्याने ती उलटीपालटी करून पाहिली.

"एवढ्या लवकर? बराबर मोजलं का?"

"बरोबर आहे, भाऊ."

"नाई नाई, परत घे. अशी कशी येईन लगेच?"

ट्रॉली उतरली, परत चढली, वजन तेच. मागच्यानेही परत मोजायला लावलं, त्याच्या मागच्यानेही. रांग पुन्हा फाटकाबाहेर. शेठ दारातून ओरडले, "अबे, जरा थांबून देत जाय ना!"

तेव्हापासून मी थांबतो. आकडा आलेला असतो, कॉम्प्युटर तयार असतो. मी मात्र भुवया आवळून पडद्याकडे बघतो, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतो, मान हलवतो आणि मगच बटण दाबतो. शेतकरी पावती घडी करून खिशात ठेवतो आणि मागच्याला सांगतो, "पोरगं ध्यान देऊन मोजते."