बुधवारचा मूल्यशिक्षणाचा तास

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात बुधवारचा सहावा तास मूल्यशिक्षणाचा असतो. आठवी ‘ब’ची मी वर्गशिक्षिका होते, म्हणून तो तास माझ्याकडे आला, आणि मी गणित शिकवते, म्हणून तो गणिताचा झाला. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पालकसभेत फॅक्टरायझेशन कुठपर्यंत आलं हे सगळे विचारतात. मूल्यशिक्षणात काय चाललंय, असं मला वीस वर्षांत एकाही पालकाने विचारलेलं नाही.

कागदावर मात्र सगळं व्यवस्थित होतं. कोणत्या आठवड्यात कोणतं मूल्य, त्याला कोणता उपक्रम, हे मी टाचणवहीत जूनमध्येच लिहून ठेवत असे. प्रामाणिकपणाचं टाचण मी स्टाफरूममध्ये पोहे खाता खाता लिहिलं होतं.

जानेवारीत शाळेची तपासणी ठरली. आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्या वर्गशिक्षकांना बोलावून सांगितलं, “मुलांना जरा सांगून ठेवा.” मी वर्गात गेले आणि नखं कापून या, बूट पुसून या, याच ओघात म्हणाले, “कुणी विचारलं तर मूल्यशिक्षणाचा तास दर बुधवारी होतो, असं सांगायचं.” मुलं “हो बाई” म्हणाली. ती नखांनाही तसंच “हो बाई” म्हणाली होती.

तपासणीला आलेल्या अधिकारी बाई निवृत्तीला टेकलेल्या, शांत स्वभावाच्या होत्या. आमच्या वर्गात आल्यावर त्यांनी मुलांना विचारलं, “मूल्यशिक्षणाच्या तासाला तुम्हाला काय आवडतं?” पहिल्या मुलाने सांगितलं, गोष्टी. दुसरी म्हणाली, गटचर्चा. मग त्यांनी हात वर न केलेल्या एका मुलीला उठवलं. ही मुलगी सहावीत आमच्याकडे आलेली. वडिलांना इथल्या आयटी कंपनीत नोकरी लागली, तेव्हा घरचे सगळे यवतमाळहून कर्वेनगरात राहायला आले होते. अक्षर नीटनेटकं, बोलणं कमी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

“आमचा तो तास होत नाही. तेव्हा मॅथ्स होतं.”

अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. म्हणाले, “ती बाहेरगावाहून आली आहे. अजून वेळापत्रकात गोंधळ होतो तिचा.”

मी हसले म्हणून वर्गही हसला. अधिकारी बाई “बस बाळ” म्हणाल्या, टाचणवहीवर सही केली आणि पुढच्या वर्गात गेल्या.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई मला म्हणाल्या, “निभावलंत. पण त्या मुलीला समज द्या जरा.” म्हणून मी तिला व्हरांड्यात बोलावलं.

“काल सगळ्यांना सांगितलं होतं ना मी?”

“हो बाई.”

“मग?”

“त्यांनी मला विचारलं.” मग ती म्हणाली, “बाई, माझा गोंधळ नव्हता झाला.”

“माहीत आहे मला. जा वर्गात.”

ती गेली. माझ्या लेखी प्रकरण तिथे संपलं होतं. तास घ्यायचे होते, पेपर तपासायचे होते, संध्याकाळी स्कूटरवरून बिबवेवाडीला घरी पोचायचं होतं.

पुढच्या आठवड्यात वर्गाबाहेर एका मुलाने तिला मारलेली हाक मी ऐकली, “ए गोंधळ, वही दे ना.” तिने वही दिली. मी काही बोलले नाही. मग ते नाव मैदानावर, जिन्यात, डबा खाताना सगळीकडे ऐकू येऊ लागलं. शब्द माझाच होता. मी ओरडले असते तर एखादा दिवस थांबलं असतं. पण कोणत्या तोंडाने ओरडायचं, हे मला कळत नव्हतं. तिने वर्गात उत्तरं देणं बंद केलं. आधीही ती फार बोलत नसे, त्यामुळे तो फरक फक्त मलाच दिसत असावा, अशी मी समजूत करून घेतली.

महिनाभराने तिची आई भेटायला आली. मुलीने घरी काहीच सांगितलं नव्हतं. शेजारच्या मुलीकडून तिला कळलं होतं. बसा म्हटलं तरी ती उभीच राहिली.

“मॅडम, पोरगी रोज विचारते, आपण यवतमाळला परत कधी जायचं. मला एवढंच सांगा, ती खोटं बोलली काय? खोटं बोलली असेल तर मी पाहते तिच्याकडे. नसेल, तर तुम्ही पोरांशी बोला.”

“खोटं नव्हती बोलली,” मी म्हणाले.

“मग झालं तर,” असं म्हणून ती निघून गेली. चढा आवाज नाही, तक्रार नाही. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या बुधवारी सहाव्या तासाला मी फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलापाशी उभी राहून सांगितलं, “तपासणीच्या दिवशी तिने खरं सांगितलं होतं. खोटं मी बोलले. तिचा काही गोंधळ झाला नव्हता. ते नाव आजपासून बंद.”

मग शेवटच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “बाई, मग हे त्या तपासणीच्या मॅडमना सांगितलंत?”

“नाही.”

“का?”

मी थोडा विचार केला. “भीती वाटते.”

“मोठ्या बाईंची?” कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. मी “हो” म्हटल्यावर मात्र हसणं थांबलं. मग माझ्या परवानगीशिवायच चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, सांगितलं तर शाळेचं नाव खराब होईल. एक मुलगी म्हणाली, बाईंनी आपल्याला सांगितलं तेवढं पुरे. दुसरी तिच्यावर उखडली, “पुरे कसं? त्या मॅडमच्या डोक्यात अजून हीच वेंधळी आहे ना!” घंटा झाली तेव्हा निम्मा वर्ग उभा राहून बोलत होता. जिच्याबद्दल हे चाललं होतं ती वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत बसली होती.

वर्गासमोर कबूल करणं मला जमलं, कारण वर्ग माझं काही बिघडवू शकत नव्हता. हे मुलांच्या माझ्याआधी लक्षात आलं होतं.

दोन दिवसांनी मी घडलेलं सगळं अर्ध्या पानात लिहून मोठ्या बाईंना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

“हे मी पुढे पाठवायचं?”

“हो.”

“नोकरीची किती वर्षं राहिली तुमची?”

“आठ.”

“माझी दोन,” त्या म्हणाल्या आणि कागद फायलीत ठेवला. तो तिथेच राहणार असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मार्चमध्ये खुलासा मागणारं पत्र आलं, मी खुलासा दिला, आणि माझ्या गोपनीय अहवालात एक प्रतिकूल शेरा पडला. शाळेलाही ताकीद मिळाली. मोठ्या बाई त्यावर मला काहीही बोलल्या नाहीत. फक्त सगळ्या वर्गांना सूचना निघाली की बुधवारचा सहावा तास प्रत्यक्ष घ्यावा. माझा गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला. एका मुलाचे वडील मुद्दाम शाळेत येऊन म्हणाले, “बाई, मूल्यांचं आम्ही घरी बघून घेऊ. आपण फॅक्टरायझेशन संपवलंत तर उपकार होतील.”

ते नाव कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. मुलांना एकदा चिकटलेलं नाव शिक्षकाच्या आज्ञेने सुटत नाही. नववीत ती दुसऱ्या तुकडीत गेली.

मध्यंतरी ती त्रिकोणाचं एक प्रमेय घेऊन माझ्याकडे आली होती. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, “माझ्यावर राग आहे का अजून?”

तिने प्रामाणिकपणे विचार केल्यासारखं केलं. किंवा खरंच केला असेल.

“राग नाही, बाई. पण मॅथ्सचे डाउट मी तुम्हाला विचारते. बाकीचं आईला.”

मी वही पुढे ओढली आणि आकृती काढायला घेतली.