थंडीतली सीटी आणि माझी जीभ

नागपूरहून शुभाचा फोन आला, "काकू, बाबा गेले." बाबा म्हणजे तिचे वडील, माझे धाकटे दीर, मुकुंदभाऊजी. थोड्या वेळानं दारात शेजारणी जमल्या, त्यांना मी हिंदीत सांगितलं, "हमारे देवर नहीं रहे," आणि आत येऊन सुनेच्या खांद्यावर मराठीत रडले. आम्हा बनारसच्या मराठी माणसांचं सगळं असंच दोन कप्प्यांत चालतं. मंगला गौरीच्या गल्लीत पिढ्या गेल्या, बाहेर आमची हिंदी ऐकून कुणाला संशयही येणार नाही. पण उंबऱ्याच्या आत मराठी. आणि खरं सांगू का, तिचा सगळ्यात जास्त उपयोग आम्ही करतो तो चारचौघांत झाकून बोलायला. साडीवाल्याच्या तोंडावर "रंग जाणार हं हिचा" म्हणायचं, पाहुणा समोर बसलेला असताना "दूध संपलंय, चहाचं विचारू नकोस" म्हणायचं... समोरचा हसत बसतो, आपलं काम होतं. हे लहान पोरांनाही न शिकवता येतं. मला मात्र जेव्हा ते करायला हवं होतं, नेमकं तेव्हा मी केलं नाही. गेले काही आठवडे तेच घोळतंय मनात.

भाऊजी रेल्वेच्या वायरलेस वर्कशॉपमध्ये होते. तिथून लवकर निवृत्ती घेतली आणि आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे छोटं दुकान टाकलं. गल्लीत गाडी शिरायचा प्रश्नच नव्हता, म्हणून गाड्यांचं काम रस्त्याच्या तोंडाशी. नव्वदीची ती वर्षं, ज्याच्या त्याच्या जीपमध्ये टेप हवाच. नुसता टेप बसवून यांचं समाधान होईना, तर त्याचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर ते स्वतः बनवत. तळहाताएवढा डबा, आत पुष्कळ पायांची एक काळी चिप, तिच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा. तो डबा गाडीत बसवला की डोळे मिटून ऐकत उभे राहायचे, जणू कुणी गवई समोर बसलाय. आणि त्यांची वहिनी, म्हणजे मी? चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई, आणि गल्लीभर प्रसिद्ध ती जिभेसाठी. हळदीकुंकवाला बायका माझ्याभोवती बसत, त्या वाणासाठी नव्हे, नकलांसाठी. मला वाटे, किती हुशार आपण! आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूनं जाईन.

त्या हिवाळ्यात गंगेवरून धुकं उठायचं ते दुपारपर्यंत हलत नसे. खोबरेल तेलाची बाटली दगड झाली होती, देवघरातल्या बाळकृष्णालाही मी लोकरीचा स्वेटर विणून घातला होता. पांडेजी म्हणून एक जीपवाले होते, पहाटे यात्रेकरूंना सारनाथला नेणारे. त्यांनी भाऊजींचा अँप्लिफायर बसवून घेतला होता आणि स्टँडवरचे बाकीचे जीपवाले पांडेजी काय म्हणतात याची वाट बघत होते. भाऊजींचं दुकान उभं राहणार की नाही, ते त्या एका डब्यावर ठरायचं होतं. आणि पांडेजींची तक्रार आली: पहाटे गाडी काढली की डबा सीटी मारतो, ऊन वर आलं की आपोआप गप्प. दुपारी दुकानात आणावा तर गुणी बाळ. भाऊजींनी चिप बदलली, पुन्हा बदलली. पहाटे उठून स्वतः स्टँडवर जाऊन ऐकलं. त्यांना काही सापडेना. घरी येऊन म्हणायचे, "वहिनी, पांडेजींना भास होतायत."

माघ लागला होता. मी पहाटे पंचगंगा घाटावर डुबकी मारून, ओले केस पदरात गुंडाळून मलइयो आणायला रस्त्यावर गेले. मलइयो म्हणजे आमच्याकडचा दुधाचा गोड फेस, थंडीतच मिळतो आणि ऊन चढलं की विरतो. चहाच्या टपरीशी शेगडीभोवती जीपवाले हात शेकत उभे. पांडेजींची जीप नुकती चालू झालेली, आणि भाऊजी खिडकीतून आत डोकं घालून उभे.

"मिस्त्रीजी, अब भी बज रही है।"

"क्या बज रही है, पांडेजी? गाना बंद करके सुनिए। कुछ नहीं है।"

आणि मला तर रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकू येत होती! कुकर शिट्टी द्यायच्या आधी जसा बारीक कुईकुई करतो, तशी. क्षणात मला सगळं कळलं. भाऊजींना ती ऐकूच येत नव्हती. घरात ते हल्ली टीव्हीजवळ सरकून बसत, दाराची कडी वाजली तरी उठत नसत, ते सगळं एकदम जागच्या जागी बसलं. जवळ जाऊन मराठीत चार शब्द बोलले असते, "भाऊजी, वाजतेय, घरी चला," तर त्या घोळक्यात कुणाला काही कळलं नसतं. पण मला टाळी हवी होती ना! मी चांगल्या खणखणीत हिंदीत म्हणाले, "अरे भइया, ये कैसे सुनेंगे? घर में कुकर की सीटी भी हम गिनकर बताते हैं इनको! गाड़ी का टेप ठीक है, इनके कान का बिगड़ा है।"

हशा पिकला. एकानं मांडीवर थाप मारली. मग काय, मला जोर चढला. "बालकृष्ण को स्वेटर पहना ही दिया है, एक जोड़ी इनके कानों के लिए भी बुन देंगे!"

पांडेजी हसले नाहीत. भाऊजींनी कानावरचा मफलर सोडला आणि अगदी हळू विचारलं, "सच में बज रही है?"

पांडेजी खाली बघत म्हणाले, "जी।"

एवढंच. भाऊजींनी तारा सोडवून डबा काढून घेतला आणि गल्लीत शिरले. आणि मी? मी मलइयो घेऊन घरी आले आणि जेवताना तोच किस्सा पुन्हा रंगवून सांगितला, अभिनयासकट. आमच्या ह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "त्याचं दुकान कानावर चालतं," इतकंच म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेऊन वर त्यांच्या खोलीत गेले. ते डबा उघडून बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "खरं तेच बोललात, वहिनी." मग चहाचा कप उचलत म्हणाले, "पण मराठीत बोलायचं होतं."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तेच पुढे म्हणाले, "बसा आता. हात माझे, कान तुमचे."

फ्रिजमधला बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. पिशवीचं टोक एकेका भागाला लावायचं, आणि वाजलं की मी सांगायचं. पहिली पाळी चिपची, कारण सगळा आळ तिच्यावर होता. ती गारठली तरी हूं की चूं नाही. मग हा भाग, मग तो. शेवटी चिपच्या शेजारी उभ्या असलेल्या एका छोट्या निळ्या कंडेन्सरला बर्फ लागला आणि...

"आली!"

भाऊजींनी तापलेला सोल्डरिंगचा दांडा नुसता त्याच्याजवळ धरला. गेली. पुन्हा बर्फ. आली! लहान मुलासारखे हसले. "तुमचं खोबरेल गोठतं ना वहिनी, तसं याच्या पोटातलं पाणी थंडीत आळतं. मग चिपला हा सांभाळून घेईना, आणि ती बिचारी किंचाळते. दोष हिचा नव्हताच." थंडी सोसणारा दुसरा कंडेन्सर बसवला, त्यावर बर्फ धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "गेली?" कानांनी कळत नव्हतं, म्हणून माझा चेहरा वाचत होते. ज्या तोंडानं आदल्या दिवशी त्यांचं हसं केलं, त्याच तोंडावर त्यांना विश्वास ठेवावा लागत होता. मी मान हलवली. गेली.

डबा घेऊन ते स्टँडवर गेले. पांडेजींनी तोवर दुसरीकडून काम करून घेतलं होतं. हात जोडून म्हणाले, "मिस्त्रीजी, बुरा मत मानिएगा।" बाकीचे जीपवाले नुसतेच दुसरीकडे बघत राहिले. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे टेप कोण देणार? गल्लीतली पोरं त्यांना "बहिरे मिस्त्री" म्हणायला लागली, त्या बारशाची आत्या मीच. होळीच्या आधी दुकानाचं शटर खाली आलं. पुढे भाऊजी घरीच इस्त्र्या आणि टॉर्च दुरुस्त करत, ज्या वस्तू बोलत नाहीत अशा. मी त्यानंतर नकला सोडल्या असं लिहायला फार आवडलं असतं. नाही सोडल्या. जिन्यात त्यांची पावलं वाजली की तेवढ्यापुरती थांबायचे, इतकीच माझी सुधारणा.

मागच्या वर्षी नागपूरला शुभाकडे जाऊन आले; भाऊजी उतारवयात लेकीकडेच राहायला गेले होते. माफी मागायची असं गाडीत बसल्यापासून घोकत होते. भाऊजी गॅलरीत खुर्चीवर बसले होते, वाळलेले, पण डोळे तेच. मी हळू आवाजात सुरुवात केली. त्यांनी कानाला हात लावला. जरा मोठ्यानं बोलले. पुन्हा हात. शेवटी ओरडलेच, "भाऊजी, त्या दिवशी पांडेजींसमोर मी तसं बोलायला नको होतं! माझं चुकलं!"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थबकली. खाली भाजीवाल्यानं मान वर केली. भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"हळू, वहिनी, हळू! हा मराठी मुलूख आहे. इथं सगळ्यांना कळतं."

मग मी हळू बोलले. त्यांना ऐकू जाणं शक्य नाही इतकं हळू. ते माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत राहिले.