अय्यांना कराड दाखवलं

मदुरेहून गाडी सुटली तेव्हा अय्या खिडकीशी निवांत बसले होते आणि माझं मन मात्र निवांत नव्हतं. सातवीतून शाळा सोडून मी आटपाडीहून गावच्या एका माणसाबरोबर गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या) कामाला इतक्या लांब आलो. त्याचं दुकान बंद पडलं, तेव्हा अय्यांनी, या म्हाताऱ्या सोनारानं, आपल्या दुकानाचा एक कोपरा मला भट्टीसाठी दिला आणि घरच्या पंगतीत माझंही पान मांडलं. बदल्यात कधी काही मागितलं नाही. यंदा मात्र म्हणाले, "तंबी (धाकट्या भावा), गुडघे चालतायत तोवर तुझा मुलूख दाखव."

मदुरेच्या देवळाच्या सावलीत जन्म काढलेल्या माणसाला दाखवायचं काय? आमच्याकडं माणगंगेचं कोरडं पात्र, मेंढरं आणि डाळिंबाच्या बागा. घरी पोचल्यावर थोरला भाऊ म्हणाला, कराडला ने, लय जुनं शहर हाय. मी मान डोलावली, पण कराड मला ठाऊक होतं ते एसटी स्टँडापुरतं. अय्या कशाला नावं ठेवत नाहीत आणि कशाचं कौतुकही करत नाहीत. पण या वयात एवढा प्रवास सोसून 'उगीच आलो' असं त्यांच्या मनात आलं तर? त्या धास्तीनं मला आईच्या हातची भाकरीही गोड लागेना.

विट्यावरून कराडला उतरलो आणि आधी कोटातली (जुन्या किल्ल्यातली) नकट्या रावळ्याची विहीर गाठली. मला वाटलं, विहीर म्हणजे असून असून काय असणार. बघतो तर जमिनीच्या पोटात दगडी जिना खोल उतरत गेलेला, वर कमानी आणि तळाला हिरवंगार पाणी. अय्यांनी विचारलं, कुणी बांधली? मला माहीत नव्हतं. हा रावळ्या कोण? तेही माहीत नव्हतं. शेवटी कठड्याला टेकून बसलेल्या एका फेटेवाल्यांना विचारलं. त्यांनी उलट माझंच गाव विचारलं. आटपाडी म्हटल्यावर मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आन् हितं पयल्यांदाच? मग पाव्हण्याला तुमी दावताय, का पाव्हणा तुमाला?"

माझे कान गरम झाले. नाना त्यांचं नाव, फौजेतून निवृत्त झालेले. पलटणीत त्यांच्याबरोबर तमिळ जवान होते. अय्यांकडं वळून त्यांनी 'साप्टिंगळा?' (जेवलात का?) असं विचारलं, तेव्हा अय्यांचा चेहरा उजळला. रावळ्याबद्दल नानांनाही काही सांगता येईना, पण ते आमच्याबरोबर निघाले.

जेवायला अख्खा मसूर मागवला. पहिल्याच घासाला तिखटानं अय्यांच्या डोळ्यांत पाणी. मग दहीभात मागवून त्यांनी जेवण आटोपलं आणि मी मसूर मागवल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

मनोऱ्यांच्या मशिदीपाशी नानांनी सांगितलं, ही आदिलशाहीतली. अय्या मान वर करून दोन्ही उंच मनोऱ्यांकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गोपुरावर मूर्तींच्या गर्दीत बोट ठेवायला मोकळी जागा सापडत नाही."  झालं, मी समजलो, हेही त्यांच्या मनात भरलं नाही.

ऊन उतरल्यावर प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात आणि एक होऊन बाजूला वळतात. नानांनी भडंग (तिखट मसाल्याचे चिरमुरे) घेतलं होतं, ते खाल्लं. हात तेलकट झाले. मी आईनं वाटेसाठी दिलेल्या भाकरीचा रिकामा डबा उघडला, बाटलीतल्या पाण्यानं त्यात हात धुतले. लगेच अय्यांनीही आपले हात त्याच डब्यावर धरले.

"आवं, म्होरं दोन दोन नद्या हायत, आन् डब्यात कसले हात धुताय?" नाना म्हणाले.

तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं. दुकानात आम्ही नळाखाली हात धूत नाही. हाताला सोन्याची कणी लागलेली असते, म्हणून टबात धुतो आणि तळाशी बसलेला गाळ पुन्हा भट्टीत घालतो. ते पाणी कुणी असंच ओतून देत नाही. नानांना हे सांगितलं, तर ते फेटा धरून हसायला लागले. अय्याही हसले, मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग वेष्टी (लुंगीसारखं धोतर) वर खोचून, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पाण्यात उतरले. आम्ही दोघांनी वाहत्या पाण्यात हात धुतले. त्यांनी एवढंच विचारलं, "बारा महिने पाणी असतं?" मी हो म्हणालो. त्यांची मदुरेची वैगै आणि आमची माणगंगा, दोन्ही नद्या वर्षातला बराच काळ वाळूच्याच. निघताना त्यांनी रिकामी बाटली भरून घेतली. मला वाटलं, पूजेसाठी असेल.

परतीच्या गाडीत कराडचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

मदुरेला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. अय्या आले, पिशवीतून संगमाच्या पाण्याची ती बाटली काढली आणि हात धुवायच्या टबात सगळी ओतली. मग आपल्या जागेवर बसून कामाला लागले. मी भट्टी पेटवली. त्या दिवशी मी सारखा हात धूत होतो.