तिच्या फोटोसाठी घेतलेला मॉनिटर

माझी पत्नी गेली तेव्हा मी दवाखान्याच्या खाली औषधे घेत होतो. वर आलो तर नर्सने मला दारातच थांबवले.

तेरवीला, म्हणजे तेराव्याला, फोटो लागतो. अमरावतीच्या एका स्टुडिओत मी तो करायला दिला आणि फ्रेम थेट तेरवीच्या सकाळी घरी आली. कागद काढला तर आत एक गोरी बाई होती. माझी पत्नी सावळी. हनुवटीवरचा तीळ गेला होता, गाल गुळगुळीत झाले होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाला उजळ करून देतात, न सांगताच, आणि कोणी तक्रार करत नाही. हार घालताना एक मावशी म्हणाल्या, "किती मस्त दिसून राहिली!" मी पाहुण्यांच्या रांगेत उभा होतो आणि कोणाची तेरवी चालली आहे हे मला कळेनासे झाले.

वर्षश्राद्धाला ती जशी होती तशी असावी, एवढेच मनात धरले. तिची धाकटी बहीण अकोल्यात लग्नांचे अल्बम करते. हे काम मला तिच्यासोबत बसून, माझ्या घरी करायचे होते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तेच चित्र सकाळी एक दिसे, संध्याकाळी दुसरेच. म्हणून मी वाचायला लागलो. मला दुसरे काही येत नाही. रंगांची व्याप्ती, पॅनेलचे प्रकार, ग्राफिक्स कार्डची मेमरी यांची टिपणे काढून मी अकोल्याला गेलो.

तिने टिपणे चाळली. "भाऊजी, येवढं मोठं कार्ड काहून पाहून राहिले? गेम खेळाचे हायेत का तुमाले?"

"रंग नीट दिसावेत म्हणून."

"कार्डानं काम भराभर होते. रंग दाखवते तो मॉनिटर. कार्ड साधं घ्या, पैसा तिकडं घाला."

दुकानात ओळीने मॉनिटर लावलेले होते, सगळे भडक, सगळे सुंदर. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह आणि एक छापील फोटो काढला. काळ्या रानातल्या फुटलेल्या कापसाचा. पांढऱ्यात धागे सुटे दिसले पाहिजेत आणि काळ्या मातीत भेगा, दोन्ही एकाच वेळी. नवा मॉनिटर ती असाच पारखते. पहिल्यावर कापूस म्हणजे नुसता चुन्याचा ठिपका. दुसऱ्यावर माती डांबरासारखी.

दुकानदार म्हणाला, "ताई, मॉनिटर घ्याले आल्या का वावर?"

"वावरच घेतलं असतं, पण तुमच्या वावरात भेगाच दिसत नाहीत."

तो हसला आणि त्याने आतून एक चकाकी नसलेला मॉनिटर आणला. त्याच्यावर हातातला फोटो आणि समोरचे चित्र जुळले. तोच घेतला.

पुढच्या रविवारी ती अमरावतीला आली. दुपारी पडदे ओढून तिने मॉनिटरवर रंग मोजायचे छोटे यंत्र लटकवले. त्याने लाल, हिरवे, करडे चौकोन एकामागून एक मोजले. मग आम्ही फोटो उघडला. दिवाळीत अकोल्याच्या तिच्याच गच्चीवर काढलेला, दोघी बहिणी हसताहेत. त्या वेळी कोणालाच काही दुखत नव्हते. माझ्या पत्नीचा यकृताचा आजार कळला तो संक्रांतीनंतर.

सावळा रंग होता तसा आला. तीळ आला. मला बरे वाटत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा."

तिने बहिणीच्या डोळ्यांजवळ चित्र मोठे केले. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता.

"कॅमेऱ्याचं असेल," मी म्हणालो.

तिने कर्सर शेजारी नेला, फोटोतल्या स्वतःच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर. तिथले लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आकडे सारखेच आले. दुपट्टा पांढराच होता, म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हता. तिचे स्वतःचे डोळेही पांढरे होते. बहिणीचेच तेवढे नव्हते. जुना लॅपटॉप सगळ्यावर निळसर झाक टाकायचा, त्यात हे बुडून गेले होते.

  म्हणजे दिवाळीतच माझी पत्नी आजारी होती. फराळ करत होती, जिने चढत होती, हसत होती, आणि आजारी होती.

"काढून टाकू का?" तिने विचारले. "दोन मिनिटांचं काम हाये. कोणाले समजणार नाही."

मी होकारार्थी मान डोलावली. तिने पिवळा रंग उतरवला. डोळे पांढरे झाले, आणि समोर निरोगी बाई आली, जिला काहीही होणार नव्हते. तेरवीच्या फ्रेमकडे मी नुसता बघत राहिलो होतो. हिच्याकडे मला बघताही येईना.

"परत आण," मी म्हणालो.

"लोकं विचारतील, भाऊजी."

"विचारू देत."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने बदल मागे घेतला, बहिणीपुरता फोटो कापला आणि फाइल छापायला पाठवली.

आता तो फोटो समोरच्या खोलीत आहे. पाहुणे म्हणतात, छान हसताहेत. त्यांच्या लक्षात येत नाही. मी आणि तिची बहीण, आम्हा दोघांनाच ते दिसते.