सरी, जातो

या ग्रुपवर कुणी अनुभव टाकला की खाली ‘साधं कारण असणार, नीट आठवून बघा’ अशी कॉमेंट टाकणारी एक आगाऊ बाई आहे ना... ती मीच. अमावास्या, उतारा, कुणाची तरी सावली — मी यातलं काही कधी मानलं नाही. माझं कामच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. ‘आपोआप झालं’ म्हणणाऱ्या कितीतरी डेव्हलपरांना मी बारा वर्षांत दाखवून दिलंय की आपोआप काही होत नसतं. शिवाय मला एक खोड आहे. गोष्टीतला धक्का मला आधीच कळतो. पिक्चर सुरू होऊन वीस मिनिटं झाली की मी नवऱ्याच्या कानात सांगते, खुनी कोण ते. निखिल हल्ली माझ्याबरोबर पिक्चरच बघत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. इतकी वर्षं मीही हसलेच आहे.

आम्ही चार पिढ्या बेंगळुरूचे. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. बाबांचं शिवाजीनगरात बटणं-लेस-दोऱ्यांचं दुकान होतं, घर बनशंकरीला. मी मंजिरी, घरात मंजू. माझ्याहून सात वर्षांनी मोठा भाऊ श्रीकांत. त्याला मी अण्णाच म्हणते. मी सहा वर्षांची असताना बाबांच्या दुकानाशेजारच्या रिपेअरवाल्याकडे एक जपानी गेमचा डबा आला होता. कुणी परदेशी इंजिनिअर सोडून गेलेला. तो अण्णाने हट्टाने घरी आणला. सोबत एकच डिस्क होती. तलवारी, गावं, राक्षस आणि लांबच लांब गोष्ट असलेला गेम... आणि सगळी अक्षरं जपानी.

आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. पण मला लख्ख आठवतं — पडद्यावर अक्षरांची चौकट आली की अण्णा ती मराठीत ‘वाचायचा’. वेगवेगळे आवाज काढून! लाल झग्यातल्या नायिकेचं नाव अर्थातच मंजू, अण्णाने सुरुवातीलाच इंग्रजी अक्षरांत टाकलेलं. तिच्याबरोबर पहिल्यापासून एक नावाडी. म्हातारा दुकानदार कानडी मिसळून ‘स्वल्प थांब मगा’ म्हणायचा, राणी चक्क आमच्या शेजारच्या अक्कासारखी ओरडायची. आणि निरोप घेताना प्रत्येक जण ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणायचा. आमच्या घरात ‘जातो’ हा शब्द उंबऱ्यावर उच्चारायची सोयच नव्हती. आईने तिथल्या तिथे चप्पल काढायला लावून परत आत बोलावलं असतं, पाणी पाजून पुन्हा निघायला लावलं असतं.

फक्त एकदा तो शब्द आला. नदीच्या घाटावर, मोठ्या लढाईच्या आदल्या दिवशी, नावाडी मंजूला सोडून निघाला. चौकटीत दोनच छोटे शब्द होते. आवाज म्हणाला, “सरी. जातो.” ‘सरी’ म्हणजे आमचं कानडी ‘ठीक आहे’.

मी रडून गोंधळ घातला. ‘येतो म्हण, येतो म्हण’ म्हणून पाय आपटले. मला आठवतं तसं, अण्णा म्हणाला, “इथे तसंच लिहिलंय. तो चिडून नाही गेला गं, आजारी आहे. सांगत नाहीये. शेवटी घाटाच्या तिसऱ्या पायरीवर नुसतं उभं राहायचं, एकही बटण दाबायचं नाही. मग येतो तो.” मी म्हटलं, खोटारडा आहेस. त्याच आठवड्यात अण्णाची परीक्षा आली, डबा माळ्यावर गेला, आणि गोष्ट त्या घाटावरच राहिली.

मधली वर्षं गाळते. एकच सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. बाबा आधीच गेले होते. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या शेवटच्या आठ दिवसांत मी हॉस्पिटलात एकटी होते. धारवाडला राहणारा अण्णा आला नाही. ‘कामात अडकलोय’ एवढाच मेसेज. आला तो सगळं आटोपल्यावर, तेराव्याला. पंगतीत, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी त्याला म्हणाले, “आई तुला नकोच होती. आता कशाला आलास, जेवायला?” मला माझी जीभ ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती फारच सुटली. अण्णाने ताटाला नमस्कार केला, उठला, दारात चपला घातल्या आणि म्हणाला, “सरी. जातो.”

त्यानंतर फोन नाही, काही नाही. दिवाळीलासुद्धा नाही.

गेल्या पावसाळ्यात बनशंकरीचं घर रिकामं करताना तो डबा सापडला. मी तो सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटवर आणला. निखिल पुण्याचा, त्याला असल्या जुन्या वस्तूंचं भारी वेड. त्याने कुठूनशी एक वायर जुळवून डबा टीव्हीला लावला. शनिवारची दुपार, खाली क्लबहाऊसमध्ये कुणाचा तरी वाढदिवस चाललेला... आणि पडद्यावर घाट उजाडला. आमचा सेव्ह अजून जिवंत होता!

आता फोनचा कॅमेरा अक्षरांवर धरला की भाषांतर करून दाखवतो, तुम्हाला माहीतच आहे. मी सहज गंमत म्हणून मराठी लावलं. पहिल्यांदा हसून हसून पोट दुखलं, कारण धर्मशाळेचं त्याने ‘झोपेचे दुकान’ केलं होतं. मग मी मागचा एक सेव्ह उघडून तो निरोपाचा प्रसंग पुन्हा आणला. नावाडी वळला. चौकट आली. फोनवर उमटलं — ‘ठीक आहे. जातो.’

मी म्हटलं, योगायोग. दोन शब्दांत दुसरं काय असणार? म्हणून आणखी मागे गेले. राणी निघाली — ‘जाऊन येते.’ शिपाई — ‘जाऊन येतो.’ दुकानदार — ‘थोडे थांब, पोरा.’ हसू कधी थांबलं ते कळलं नाही.

सोमवारी ऑफिसात शुभाला विचारलं. ती म्हैसूरची, जपानी क्लायंटसाठी भाषा शिकलेली. माझ्या मोबाइलवरचे फोटो बघून म्हणाली, “अय्यो, यात काय विशेष? जपानी लोक घरातून निघताना ‘जाऊन येतो’च म्हणतात. आपलं कानडीतलं होगि बर्तीनि, अष्टे, तेवढंच. पण हा बोटवाला बघ... हा नुसतं ‘जातो’ म्हणतोय. एवढ्या सगळ्यांत हा एकटाच. म्हणजे हा परत येणार नाही, असं लिहिणाऱ्याला सांगायचंय.”

तेरा वर्षांच्या पोराने, एक अक्षर येत नसताना, नेमक्या त्या एका जागी नेमका तो शब्द वाचला होता. पण माझ्यातली टेस्टर लगेच म्हणाली — चेहरा बघून अंदाज केला असेल. चल, पुढे खेळ.

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर रोज तासभर खेळले. गेममधले सगळे नावाड्याला फितूर म्हणत होते. मलाही पटलं होतं. मी तर निखिलला पैज लावून सांगितलं, शेवटचा मोठा राक्षस म्हणजे हाच बघ. पुढच्या शनिवारी एका पडक्या झोपडीत वैद्यीण भेटली. तिच्या चौकटीवर फोन धरला. ‘तो रागावून गेला नाही. तो आजारी होता. तुम्हाला कळू दिले नाही.’ त्याखाली — ‘घाटाच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहा. काही करू नका.’

आयुष्यात पहिल्यांदा गोष्टीतला धक्का मला आधी ओळखता आला नाही. आणि तो तर मला सहाव्या वर्षीच सांगून ठेवलेला होता! मी तशीच जमिनीवर बसून राहिले. तेराव्याचा अण्णा डोळ्यांपुढे आला. त्याचे कपडे अंगात ढिले झाले होते. जिना चढून आल्यावर तो पाच मिनिटं कठड्याला धरून उभा होता. मी ते बघितलं होतं. बघून मनात म्हटलं होतं, नाटकं!

मी फोन लावला.

“अण्णा... मंजू बोलतेय.”

“काय गं?”

‘चुकलं’ म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. “तो नावाडी आजारी आहे हे तुला कसं कळलं होतं?”

“कोण नावाडी?”

मी धडाधडा सगळं सांगितलं. डबा, फोन, शुभा, वैद्यीण. तो ऐकत होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, बोलता बोलता दम लागल्यासारखा.

“मंजू,” तो म्हणाला, “मी कुठे वाचायचो? मी नुसती बटणं दाबायचो. वाचायचीस तू.”

“काहीतरीच काय! आवाज काढायचास तू —”

“आवाज तू काढायचीस. शेजारच्या अक्काचा तर हुबेहूब. आई ओट्यापाशी हसायची. नावाडी ‘जातो’ म्हणाला असं तू वाचलंस आणि मीच रडलो, तेरा वर्षांचा घोडा. तू माझे डोळे पुसलेस, म्हणालीस, तो आजारी आहे, येईल. मी ते वहीत लिहून ठेवायला लावलं होतं तुला. वही माझ्या ट्रंकेत आहे.”

पण त्या क्षणी मला त्याहून मोठं काही विचारायचं होतं. “अण्णा, तू आजारी आहेस का?”

शेवटी त्याने सांगितलं. हृदयाचा एक व्हॉल्व्ह खराब होता. आई बेंगळुरूत ॲडमिट असताना तोही धारवाडला ॲडमिट होता. आईच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याने कुणालाच सांगितलं नाही. नंतर ऑपरेशन सांगितलं होतं, ते हा पुढे ढकलत बसला होता. “एकट्याने कुठे जाऊ गं,” म्हणाला. मी ओक्साबोक्शी रडले. मग त्याला शिव्या घातल्या, मग माफी मागितली, मग पुन्हा शिव्या. सोमवारी निखिल स्वतः गाडी घेऊन धारवाडला गेला आणि त्याला घेऊन आला.

अण्णाने वही आणली होती. पिवळी पडलेली, एका बाजूने ओल लागलेली. अक्षर माझं, यात शंकाच नाही. मी कानडी शाळेत होते, मराठी वाचायला आईने नंतर शिकवलं, त्यामुळे तेव्हा मी मराठी लिहायचे ते कानडी अक्षरांत. तसंच ते होतं. वेडीवाकडी, गोल गोल अक्षरं आणि भाषा घरातली मराठी. ‘सरी. जातो.’ पुढच्या पानावर वैद्यीण, तिसरी पायरी. आम्ही तिथवर कधी खेळलोच नव्हतो. पुढे आणखी दोन पानं होती. मी वही मिटली. ऑपरेशनआधी ती वाचायची माझी हिंमत झाली नाही.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर दारापाशी आलं तेव्हा मी अण्णाचा हात धरला. “काय म्हणायचं?”

“सोड गं, लोक बघतायत.”

“आधी म्हण.”

“येतो,” तो म्हणाला. “येतो गं बाई. स्वल्प वेळ लागेल.”

संध्याकाळी आयसीयूत मला दोन मिनिटं आत सोडलं. तोंडातली नळी काढलेली होती, घसा बसलेला. त्याने डोळे उघडले. ओठांवरूनच कळलं. “मंजू. आलो.”

घरी येऊन मी वहीचं पुढचं पान उघडलं. वर ‘नावाडी’ असं लिहिलेलं — आणि खाली, सहा वर्षांच्या माझ्या अक्षरात, ‘मंजू. आलो.’ दोनच शब्द. मग गेम लावला. तिसऱ्या पायरीवर मंजूला उभं केलं आणि कंट्रोलर खाली ठेवला. चार-पाच मिनिटांनी होडी आली. फोन धरायची तशी गरज नव्हती. तरी धरला. तेच होतं.

निखिलचं म्हणणं, लहानपणी रिपेअरवाल्याने गोष्ट सांगितली असेल. पण रिपेअरवाल्यालाही जपानी येत नव्हतं. हा गेम इंग्रजीत कधी आला नाही, हे मी पक्कं तपासलंय. आठवण कुणाची खरी, तेही कळत नाही. अण्णा शपथेवर सांगतो की तो माझा आवाज ऐकत होता. मला आजही त्याचाच ऐकू येतो. साधं कारण कुणाला सुचलं तर खाली लिहा. मी हसणार नाही.

अण्णा आता बरा आहे. सध्या आमच्याकडेच असतो, सकाळी खाली फेऱ्या मारतो, निखिलच्या पोह्यांना नावं ठेवतो. राहिलं ते शेवटचं पान. गेमचा शेवट. त्यावर एकच ओळ आहे, मंजूच्या तोंडची. ती कुठेतरी निघालीय आणि निरोप घेतेय. ओल नेमकी तिथेच लागलीय. पहिलं अक्षर पार धुऊन गेलंय. दुसरं तेवढं वाचता येतं — ‘ते’.

‘येते’ की ‘जाते’, ते गेम संपवला की कळेल. अर्ध्या तासाचं काम आहे. डिस्क अजून आतच आहे, टीव्हीची वायरही तशीच लावलेली. मी रोज ऑफिसला निघताना त्याच्यासमोरून जाते. दारात ‘येते’ म्हणते, लिफ्टपाशी जाऊन परत येते, पुन्हा पुन्हा म्हणते.

“ऐकलं गं,” अण्णा आतून ओरडतो. “तीनदा म्हणालीस.”